पऱ्हाटीच्या हायड्रोलायसेटमधले विष लॅकेसने कसे उतरवावे : नवख्यांसाठी मार्गदर्शक

गडचिरोली-गोंदियाकडे मोहफुले पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत सडवा आपोआप फसफसू लागतो, हे तिकडे कोणाला शिकवावे लागत नाही. फुलातली साखर मोकळी असते, यीस्ट फुलांसोबतच आलेले असते आणि दोघांच्या मध्ये काहीही उभे नसते. धुऱ्यावर रचून ठेवलेल्या पऱ्हाटीतही, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांतही, साखर आहे. तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या साखरेच्या साखळ्यांचाच असतो. मात्र आम्लात शिजवून ती साखर मोकळी केली आणि त्या तपकिरी द्रावात, म्हणजे हायड्रोलायसेटमध्ये, यीस्ट टाकले, तर ते बहुधा एक-दोन दिवस गप्प बसते आणि कधी कधी उठतच नाही. साखर सुटताना लाकडातून तिच्याबरोबर विषेही सुटलेली असतात. त्यांपैकी एका वर्गाचे विष विकराच्या, म्हणजे एन्झाइमच्या, साहाय्याने उतरवण्याची पद्धत येथे क्रमाने सांगितली आहे. तालुक्याच्या महाविद्यालयात जेवढी साधने सहसा मिळतात, म्हणजे ऑटोक्लेव्ह, शेकर, सेंट्रिफ्यूज, स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा तराजू, तेवढ्यावर हे काम होते.

आधी विषांची ओळख करून घ्यावी, कारण नवख्या माणसाची सर्वांत मोठी चूक येथेच होते. लाकडाच्या आम्ल-हायड्रोलायसेटमध्ये तीन निरनिराळ्या घराण्यांची विषे असतात. पहिले फ्युरानांचे : पाच कार्बनच्या साखरा (मुख्यतः झायलोज) आम्लात जास्त तापल्या की फरफ्युराल होते आणि सहा कार्बनच्या साखरांपासून हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल होते. दुसरे सेंद्रिय आम्लांचे : हेमिसेल्युलोजला चिकटलेले अ‍ॅसिटिल गट सुटून अ‍ॅसेटिक आम्ल तयार होते आणि हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल आणखी तुटले तर त्यातून फॉर्मिक व लेव्हुलिनिक आम्ल येते. तिसरे घराणे फिनॉलिक संयुगांचे असून ती लाकडाला कडकपणा देणारे लिग्निन तुटल्यामुळे येतात. व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाइड, कोनिफेरिल अल्डिहाइड आणि फेरुलिक आम्ल ही त्यांतली नेहमी भेटणारी नावे आहेत.

आपण वापरणार आहोत ते लॅकेस नावाचे विकर या तीन घराण्यांपैकी फक्त तिसऱ्यावर काम करते. फरफ्युरालला ते हात लावत नाही आणि अ‍ॅसेटिक आम्लालाही लावत नाही. हे एक वाक्य प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे, कारण पुढे निकाल मनासारखा आला नाही की विकराला दोष देण्याचा मोह होतो आणि बहुतेक वेळा दोष विकराचा नसून त्याच्याकडून भलतीच अपेक्षा ठेवणाऱ्याचा असतो.

लॅकेसचा शोध हिकोरोकुरो योशिदा या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १८८३ मध्ये लाखेच्या झाडाच्या चिकावर काम करताना लावला. या विकराच्या रेणूत तांब्याचे चार अणू असतात. ते फिनॉलकडून एकेक इलेक्ट्रॉन काढून घेते आणि असे चार इलेक्ट्रॉन जमले की ते हवेतल्या ऑक्सिजनला देऊन पाणी तयार करते. इलेक्ट्रॉन गमावलेले फिनॉलचे मूलक (रॅडिकल) मग एकमेकांना चिकटत जातात, त्यांच्या मोठ्या साखळ्या होतात, त्या पेशीत सहज शिरू शकत नाहीत आणि बऱ्याचशा साक्याच्या रूपाने तळाशी बसतात. विष नष्ट होते असे म्हणण्यापेक्षा ते जड होऊन खाली बसते असे म्हणणे अधिक अचूक ठरेल. स्वीडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये ट्रॅमिटीस व्हर्सिकलर या पांढऱ्या कुजीच्या बुरशीचे लॅकेस आणि पेरॉक्सिडेज विलो लाकडाच्या हायड्रोलायसेटवर वापरले आणि त्यानंतर यीस्टचे किण्वन सुधारल्याचे दाखवले. पुढचे पुष्कळ काम त्या निबंधाच्या आधाराने झाले आहे. पेरॉक्सिडेजही हे काम करते, परंतु त्याला हायड्रोजन पेरॉक्साइड थेंबाथेंबाने पुरवावे लागते आणि ते एकदम जास्त पडले तर विकरच मरते. त्यामुळे नवख्याने लॅकेसपासूनच सुरुवात करावी. त्याला हवा पुरते.

कच्चा माल निवडताना

आरामशीनवर सागवानाचा भुसा फुकट मिळतो, म्हणून विद्यार्थी पहिल्यांदा तोच पोत्यात भरून आणतात. तो आणू नये. सागवान वाळवीला आणि बुरशीला दाद देत नाही याचे एक कारण म्हणजे त्यात लॅपॅकॉल, टेक्टोक्विनोन यांसारखी क्विनोन जातीची संयुगे मुळातच असतात. ती हायड्रोलायसेटमध्ये उतरली तर विष लिग्निनचे की सागाचे हे कळायला मार्ग उरत नाही. बाभळीच्या सालीत टॅनिन भरपूर असते, म्हणून तीही सुरुवातीला टाळावी. साल काढलेले सुबाभळीचे लाकूड चांगले, आणि आपल्या भागात, म्हणजे विदर्भात, सर्वांत सोयीची पऱ्हाटी. वनस्पतीशास्त्राच्या हिशेबाने ती झुडपाची काडी असली तरी रचनेने ती कठीण लाकडाच्या जवळची आहे, शिवाय गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडण्यासाठी हंगाम संपल्यावर ती शेतातून काढायचीच असते. तुराटीही चालेल. सोयाबीनचे कुटार मात्र या प्रयोगासाठी घेऊ नये. ते लाकूड नव्हे आणि त्यातली माती कधीच पूर्ण निघत नाही.

पऱ्हाटीची बोंडे, पाने आणि मुळे काढून टाकावीत. काड्या दोनदा धुवाव्यात, कारण त्यांच्यावर फवारणीचे अवशेष आणि धूळ दोन्ही असतात. नंतर उन्हात कडक वाळवून, बारीक तुकडे करून चक्कीवर दळावे आणि साधारण एक मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल एवढीच भुकटी ठेवावी. घरच्या मिक्सरवर हे काम करायला जाऊ नये, पाते जाते.

पाण्याबद्दल

या लेखातला सर्वांत स्थानिक भाग हाच आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतून जाणारा खारपाणपट्टा सर्वांना माहीत आहे; तिथल्या बोअरच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण जास्त असते. यवतमाळ जिल्ह्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे. लॅकेसमधल्या तांब्याला हे दोन्ही आयन चिकटतात आणि त्याचे काम मंदावते, त्यात फ्लोराइड अधिक जाचक. मी स्वतः पहिल्या वर्षी बफर (सामू, म्हणजे पीएच, स्थिर ठेवणारा द्राव) तेवढे डिस्टिल्ड पाण्यात केले आणि हायड्रोलायसेट मात्र नळाला आलेल्या बोअरच्या पाण्यात शिजवले, कारण दोन लिटर डिस्टिल्ड पाणी त्यात घालणे उधळपट्टीचे वाटले. क्युव्हेटमध्ये (स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या छोट्या चौकोनी नळीत) विकर उत्तम चाले आणि फ्लास्कमध्ये ढिम्म. कारण सापडायला तीन आठवडे गेले. तेव्हा धुण्यासाठी कोणतेही पाणी वापरा, पण शेवटची विसळणी आणि त्यानंतरची प्रत्येक पायरी डिस्टिल्ड पाण्यातच करा. याच कारणासाठी सामू खाली आणताना हायड्रोक्लोरिक आम्ल वापरू नये, सल्फ्युरिक वापरावे. विकर टिकावे म्हणून त्यात सोडियम अझाइड टाकण्याची जी सवय काही प्रयोगशाळांत असते तीही येथे सोडावी, कारण अझाइड लॅकेसला थांबवते आणि पुढे यीस्टलाही.

हायड्रोलायसेट तयार करणे

एक लिटर पाण्यात साडेपाच मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातले की वजनाने सुमारे १ टक्का आम्ल होते. आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात कधीही नाही, हे ठाऊक असणाऱ्यांनाही दर वेळी सांगावे. एक लिटरच्या बोरोसिलच्या बाटलीत ५० ग्रॅम भुकटी आणि ५०० मिलिलिटर हे आम्ल घ्यावे, झाकण सैल ठेवावे आणि १२१ अंश सेल्सिअसला एक तास ऑटोक्लेव्ह करावे. अशा चार बाटल्या केल्या तर पुढच्या सगळ्या चाचण्यांना पुरतात. धातूचे भांडे वापरू नये. बाटली पूर्ण थंड झाल्याशिवाय उघडू नये, कारण फरफ्युरालची वाफ डोळ्यांना आणि घशाला लागते.

थंड झालेला लगदा मलमलीतून पिळून घ्यावा, द्राव गाळणकागदातून गाळावा आणि उरलेला लगदा फेकू नये, त्याची गोष्ट शेवटी येईल. आता सामू आणायचा. त्यासाठी कॅल्शियम हायड्रॉक्साइड वापरावे. लिटरला साधारण साडेसात ग्रॅम लागते, पण शेवटचा ग्रॅम थोडा थोडा घालत सामू ५ वर थांबावे. सल्फेट जिप्समच्या रूपाने खाली बसते आणि ते गाळून टाकता येते, तर कॉस्टिक सोड्याने हेच केले तर सगळे सोडियम सल्फेट द्रावातच राहते आणि मिठाचा ताण यीस्टवर पडतो. प्रयोगशाळेतले कॅल्शियम हायड्रॉक्साइड संपले म्हणून पानठेल्यावरून चुना आणल्याचे मी पाहिले आहे. त्यात काय मिसळलेले आहे ते ठाऊक नसल्याने तसे करू नये.

या द्रावात प्रामुख्याने झायलोज असते, ग्लुकोज थोडे. बेकरीचे साधे यीस्ट झायलोजचे किण्वन करत नाही. त्यासाठी शेफरसोमायसिस स्टिपिटिससारखे वेगळे यीस्ट लागते. आपल्याला या पहिल्या प्रयोगात अल्कोहोल किती मिळते हे पाहायचे नसून विष किती उतरले हे पाहायचे आहे, म्हणून बेकरीचेच यीस्ट घेऊन सर्व फ्लास्कांत बाहेरून सारखे ग्लुकोज घालावे. यीस्टला खायला सगळीकडे तेवढेच मिळाल्यावर फरक पडेल तो विषाचा.

विष किती आहे ते आधी मोजावे

उपचारापूर्वी दोन मोजण्या करून ठेवाव्यात. एकूण फिनॉलसाठी फोलिन-सिओकाल्टो अभिकर्मक, ७६५ नॅनोमीटर आणि मानक म्हणून व्हॅनिलिन किंवा गॅलिक आम्ल. फ्युरानांचा अंदाज घेण्यासाठी हायड्रोलायसेट भरपूर पातळ करून २८४ आणि ३२० नॅनोमीटरला शोषकता घ्यावी आणि पहिल्या आकड्यातून दुसरा वजा करावा. हा फरक फरफ्युराल व हायड्रॉक्सिमिथाइल फरफ्युराल यांच्या बेरजेच्या प्रमाणात चालतो. यासाठी क्युव्हेट क्वार्ट्झचीच हवी, साधी काच अतिनील प्रकाश अडवते.

तिसरी मोजणी यंत्राने होत नाही, ती यीस्टलाच विचारावी लागते. हायड्रोलायसेटचे २५, ५०, ७५ आणि १०० टक्के असे चार प्रमाणांचे फ्लास्क करून त्यांत यीस्ट वाढवून पाहावे. शंभर टक्क्यालाही यीस्ट आरामात वाढत असेल तर उतरवायला विषच नाही, आणि पुढचा सगळा प्रयोग कितीही नीट केला तरी त्यात फरक दिसणार नाही. अशा वेळी १० ऐवजी ६ पट आम्लात भुकटी शिजवून दाट हायड्रोलायसेट करावे. उकळून आटवणे टाळावे, कारण आटवताना फरफ्युराल आणि काही अ‍ॅसेटिक आम्ल वाफेबरोबर निघून जाते आणि मिश्रणाचा स्वभावच बदलतो.

लॅकेस कोठून आणावे

विकत मिळते, पण महाग असते आणि मेच्या उन्हात कुरिअरच्या गाडीतून येताना त्याचे काय होते हे पावतीवर लिहिलेले नसते. आपल्याकडे धिंगरी अळिंबीचे उत्पादन करणारे शेतकरी आणि बचत गट आता अनेक गावांत आहेत आणि धिंगरी ही पांढऱ्या कुजीचीच बुरशी असल्याने लॅकेस भरपूर सोडते. स्पॉन (अळिंबीचे बियाणे) अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणाहून आणून, कुटारावर किंवा पूर्वेकडे तणसावर स्वतःच चार पिशव्या लावल्या तर उत्तम.

पिशवी कोणत्या वेळची घ्यावी याला महत्त्व आहे. बहुतेक जण तीन तोडे झालेली, टाकून द्यायची पिशवी आणतात. तीही चालते, पण लॅकेस सर्वांत जास्त असते ते पांढरे कवकजाल पिशवीभर पसरत असताना आणि टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसण्याच्या अगोदर. फळधारणा सुरू झाली की त्याचे प्रमाण घसरते. हिरवे डाग पडलेली पिशवी घेऊ नये, ती ट्रायकोडर्मा या दुसऱ्याच बुरशीची असते.

आतला भुसभुशीत माल हाताने मोकळा करावा आणि त्याच्या वजनाच्या पाचपट, सामू ५ च्या ५० मिलिमोलर सोडियम अ‍ॅसिटेट बफरमध्ये बर्फात ठेवून एक ते दोन तास अधूनमधून हलवावा. मलमलीतून गाळून थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावे. वरचा चहाच्या रंगाचा द्राव म्हणजे आपले कच्चे लॅकेस.

त्याची ताकद मोजण्यासाठी एबीटीएस हे अभिकर्मक वापरतात. लॅकेस असेल तर ते निळसर हिरवे होते. तीन मिलिलिटर एकूण आकारमानात ०.१ मिलिलिटर विकर घालून ४२० नॅनोमीटरला शोषकता दर मिनिटाला किती वाढते ते पाहावे. समजा ती मिनिटाला ०.३६ ने वाढली. एबीटीएसचा मोलर शोषण गुणांक ३६,००० असल्याने ०.३६ भागिले ३६ म्हणजे मिनिटाला ०.०१ मिलिमोलर; त्याला ३० ने गुणले (तीन मिलिलिटरात ०.१ मिलिलिटर विकर म्हणून) की मिलिलिटरला ०.३ युनिट (मिनिटाला एक मायक्रोमोल एबीटीएस बदलणारे विकर म्हणजे एक युनिट). विकर आधी दहापट पातळ केले असेल तर मूळ द्रावात ३ युनिट. एबीटीएस परवडत नसेल तर ग्वायाकॉल घेऊन ४७० नॅनोमीटरला लालसर तपकिरी रंग मोजता येतो, मात्र दोन्हींची युनिटे एकमेकांत मिसळू नयेत.

आता हिशेब करून पाहा. शंभर मिलिलिटर हायड्रोलायसेटला मिलिलिटरमागे १ युनिट द्यायचे तर १०० युनिट लागतात, म्हणजे या द्रावाचे ३३ मिलिलिटर. एवढे ओतले तर विष निव्वळ पाण्यानेच एक चतुर्थांशाने पातळ होते, आणि यीस्ट सुधारले तर श्रेय कोणाला द्यायचे? म्हणून विकर आधी दाट करावे. बर्फात ठेवलेल्या द्रावात लिटरला ५१६ ग्रॅम अमोनियम सल्फेट हळूहळू विरघळवले की ० अंशाला ८० टक्के संपृक्तता येते आणि प्रथिने खाली बसतात. ती सेंट्रिफ्यूज करून थोड्याच बफरमध्ये विरघळवावीत आणि मीठ निघून जावे म्हणून डायलिसिसच्या नळीत रात्रभर थंडीत ठेवावीत. लहान लहान कुप्यांत भरून गोठवावे, कारण एकच मोठी बाटली रोज बाहेर काढली तर आणि त्यात लाइन गेली तर आठवड्याभरात विकर निम्मे होते.

प्रत्यक्ष उपचार

सामू ५ चे हायड्रोलायसेट ५० मिलिलिटर, फ्लास्क २५० मिलिलिटरचा, मिलिलिटरमागे १ युनिट लॅकेस, शेकर मिनिटाला १५० फेरे, तापमान ४० अंश. फ्लास्क एक पंचमांशापेक्षा जास्त भरू नये या नियमामागे ऑक्सिजनचा हिशेब आहे. ३० अंशाला एक लिटर पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फक्त साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि ४० अंशाला त्याहूनही कमी. एक ऑक्सिजन रेणू चार फिनॉल रेणूंना पुरतो असे धरले तरी तेवढ्यात व्हॅनिलिनसारखे संयुग लिटरमागे जेमतेम सातव्या हिश्श्याएवढे ग्रॅम संपते. हायड्रोलायसेटमध्ये फिनॉल त्याहून सहज जास्त असतात. बाटली काठोकाठ भरून टेबलावर ठेवली तर पहिल्या काही मिनिटांतच विकराचा श्वास कोंडतो, आणि लोडशेडिंगमध्ये शेकर थांबला तर तोच प्रकार होतो. लाइन किती वाजता गेली आणि किती वाजता आली हे वहीत लिहावे.

०, १, ३, ६ आणि १२ तासांना नमुने काढून, सेंट्रिफ्यूज करून फिनॉल मोजावेत. घट बहुधा पहिल्या काही तासांत दिसते. त्याहून फार लांबवू नये, कारण ४० अंशाला साखर असलेला द्राव इतर जिवाणूंनाही आवडतो. फोलिनचा आकडा शून्यावर येईल अशी आशा धरू नये. जे मोठे रेणू खाली बसले नाहीत तेही या अभिकर्मकाला रंग देतात आणि कच्च्या विकरातून आलेले काडाचे फिनॉलही त्यात मिळतात, म्हणून विकराचा स्वतःचा आकडा वेगळा काढून वजा करावा.

द्राव उजळ होण्याऐवजी गडद होतो. चहाचा कोऱ्या कॉफीसारखा रंग होतो आणि तळाशी तपकिरी साका बसतो. दर वर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी चेहरा पाडून येतो की सर, बिघडले. बिघडलेले नसते, ते चिकटलेले फिनॉल असतात आणि रंग गडद होणे हीच विकर चालल्याची पहिली खूण आहे. साका सेंट्रिफ्यूज करून काढावा, वरचा द्राव ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून आणि मग ०.२२ मायक्रॉनच्या निर्जंतुक गाळणीतून काढावा. येथे पुन्हा ऑटोक्लेव्ह करू नये, साखर तापून नवे फ्युरान तयार होतात आणि आपणच उतरवलेल्या विषात भर टाकतो.

उकळलेल्या विकराचा फ्लास्क

ही पायरी वगळली तर बाकीच्या मेहनतीला अर्थ राहत नाही. मी ती एकदा वगळली आहे. उपचार केलेल्या फ्लास्कात यीस्ट जोमाने वाढले, आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले, आणि पुढच्या महिन्यात एका विद्यार्थिनीने विकर उकळून, मारून, तेच सगळे पुन्हा केले तेव्हा मेलेल्या विकराच्या फ्लास्कातही जवळजवळ निम्मी सुधारणा दिसली. रात्रभर ४० अंशाला हलवताना काही फरफ्युराल उडून गेले होते, द्राव थोडा पातळ झाला होता आणि कच्च्या अर्कातली प्रथिने यीस्टने खाल्ली होती. पेढे परत करता येत नाहीत, पण निकाल मागे घ्यावा लागला.

म्हणून प्रत्येकी तीन-तीन असे पुढील फ्लास्क असावेत : नुसते ग्लुकोज आणि पोषकद्रव्ये असलेला, उपचार न केलेल्या हायड्रोलायसेटचा, उकळलेले लॅकेस घालून तितकाच वेळ हलवलेला, जिवंत लॅकेसचा, आणि यीस्ट न टाकलेला एक, बाष्पीभवन मोजण्यासाठी. विकर उकळत्या पाण्यात १५ मिनिटे ठेवावे आणि एबीटीएसमध्ये घालून पाहावे. हिरवी छटा आली तर ते मेलेले नाही, पुन्हा उकळावे. काही लॅकेस चिवट असतात.

किण्वनाची चाचणी

प्रत्येक फ्लास्कात ५० मिलिलिटर द्राव, त्यात २ टक्के ग्लुकोज, थोडा यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि अमोनियम सल्फेट घालून सामू ५.५ ला आणावा. सामूचा हा अर्धा आकडा किरकोळ वाटतो, पण अ‍ॅसेटिक आम्ल पेशीत शिरते ते न विघटित झालेल्या रूपात, आणि ४.५ सामूला त्याचा सुमारे ६५ टक्के भाग त्या रूपात असतो तर ५.५ ला सुमारे १५ टक्केच. लॅकेसला जमत नाही ते काम येथे चिमूटभर अल्कली करते.

यीस्ट कमी टाकावे, कोरडे यीस्ट लिटरमागे अर्धा ग्रॅम पुरे. जास्त टाकले तर यीस्ट स्वतःच फरफ्युरालचे फरफ्युरिल अल्कोहोल करून टाकते, सगळे फ्लास्क सारखेच उकळतात आणि फरक झाकला जातो. तापमान ३० अंश. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे खोलीचेच तापमान ४० च्या वर असते, तेव्हा थंड करण्याची सोय असलेले बीओडी इनक्युबेटर नसेल तर हा भाग दिवाळीनंतर करावा, यीस्ट उष्णतेने मेले की विषाने हे कळणार नाही.

अल्कोहोल मोजण्यासाठी ऊर्ध्वपातन करत बसू नये. त्यासाठी दारूबंदी कायद्याखाली परवानगीचा प्रश्न येतो, आणि वर्धा व गडचिरोली हे जिल्हे तर दारूबंदीचेच आहेत. तराजूने काम भागते. फ्लास्कला पाण्याचा एअरलॉक बसवून दर सहा तासांनी वजन करावे. एक ग्रॅम ग्लुकोजमागे जास्तीत जास्त ०.४९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ०.५१ ग्रॅम इथेनॉल राहते. आपल्या फ्लास्कात घातलेले ग्लुकोज बरोबर एक ग्रॅम आहे, म्हणून वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास घटले की किण्वन पूर्ण झाले असे धरावे. हायड्रोलायसेटचे स्वतःचे थोडे ग्लुकोज असल्याने आकडा किंचित वर जाऊ शकतो. यीस्ट नसलेल्या फ्लास्कची घट प्रत्येक आकड्यातून वजा करावी.

निकाल वाचताना तुलना जिवंत लॅकेसची उकळलेल्या लॅकेसशी करावी, उपचार न केलेल्याशी नव्हे. जिवंत लॅकेसचा फ्लास्क लवकर सुरू झाला आणि त्यात फिनॉलही घटलेले असतील, तर विकराने काम केले. फिनॉल घटले पण यीस्ट तरीही उशिरा उठले, तर विष फ्युरानांचे किंवा अ‍ॅसेटिक आम्लाचे आहे. २८४ व ३२० चा फरक पुन्हा पाहावा. फ्युरान जास्त असतील तर पुढच्या खेपेला लॅकेसच्या आधी कॅल्शियम हायड्रॉक्साइडने सामू १० पर्यंत नेऊन ५०-६० अंशाला अर्धा तास ठेवावे, साका गाळावा आणि सल्फ्युरिक आम्लाने सामू ५ वर आणून मग विकर घालावे. वेळ वाढवला तर साखरही तुटते, म्हणून अर्ध्या तासावर जाऊ नये. सक्रिय कोळसा फिनॉल आणि फ्युरान दोन्ही ओढतो हे खरे, पण तो विकरही ओढतो. वापरायचाच तर लॅकेसच्या नंतर.

मलमलीत पिळून बाजूला ठेवलेल्या लगद्यात बहुतेक सेल्युलोज अजून शिल्लक आहे. तो आम्ल निघेपर्यंत धुवून, सेल्युलेज विकराने त्याचे ग्लुकोज करता येते आणि मग बाहेरून ग्लुकोज घालण्याची गरज उरत नाही. मात्र त्या वेळी क्रम सांभाळावा : आधी सेल्युलेज, गाळणी, आणि त्यानंतर लॅकेस. उलट केले तर लॅकेसने जोडलेले फिनॉलचे तुकडे सेल्युलेजला आणि सेल्युलोजच्या तंतूंना चिकटतात आणि साखर कमी सुटते, असे अनेक प्रयोगांत दिसले आहे. धुतलेला लगदा ओला असतानाच थंडीत ठेवावा. एकदा कडक वाळला की तंतू मिटतात आणि सेल्युलेजला आत शिरायला जागा सापडत नाही.